पडद्यावरील बाण आणि पैनगंगेची रेषा

संगणकाच्या पडद्यावर माउसबरोबर सरकणारा बाण चित्राच्या वर तरंगत असल्यासारखा भासतो. परंतु डॉस प्रणालीच्या काळात तो चित्राच्याच बिंदूंमध्ये मिसळलेला असे, आणि त्यामुळे आरेखनाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्याची वेगळी काळजी घ्यावी लागे. देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत बोरलँड कंपनीची ‘टर्बो सी’ ही प्रोग्राम लिहिण्याची प्रणाली दीर्घकाळ वापरात राहिली, आणि नागपूरचे यशवंत कानेटकर यांनी ‘ग्राफिक्स अंडर सी’ या पुस्तकातून तिच्यातील आरेखन विद्यार्थ्यांसमोर मांडले.

आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीए पद्धतीत पडद्यावर ६४० गुणिले ४८०, म्हणजे ३,०७,२०० बिंदू असत. बाण १६ गुणिले १६ बिंदूंच्या चौकोनात बसे. माउस चालवणारा प्रोग्राम, म्हणजेच ड्रायव्हर, बाण उमटवण्यापूर्वी त्या चौकोनाखालील रंग जपून ठेवी आणि बाण पुढे सरकताच ते जसेच्या तसे परत भरी.

यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा काढताना दक्षिण सीमेवरील पैनगंगेची निळी रेषा उमरखेडच्या हद्दीवरून जात आहे आणि बाण नेमका तेथेच थांबलेला आहे, असे समजावे. रेषा बाणावरून काढली जाते; परंतु ड्रायव्हरने जपलेला रंग रेषेपूर्वीचा, म्हणजे कोऱ्या पार्श्वभूमीचा असतो. माउस हलताच तोच रंग परत भरला जातो आणि नदी मध्येच तुटते. विद्यार्थी रेषेच्या आकडेमोडीत चूक शोधत राहतो, पण दोष तेथे नसतोच. बंद आकृतीत रंग भरतानाही बाणाचे बिंदू चित्राचेच समजले जाऊन रंग अडतो किंवा भलतीकडे पसरतो.

यावरील उपाय असा, की आधी बाण लपवावा, मग चित्र काढावे आणि शेवटी बाण पुन्हा दाखवावा. ड्रायव्हरला काम सांगण्याच्या ‘इंटरप्ट ३३’ या हाकेतील दुसरे कार्य बाण लपवते, तर पहिले तो दाखवते. मात्र ड्रायव्हर लपवण्याची मोजदाद ठेवत असल्याने, दोनदा लपवलेला बाण दोनदा दाखविल्याखेरीज परत येत नाही. शिवाय प्रत्येक बिंदूगणिक लपवणे-दाखवणे केल्यास बाण लुकलुकतो; म्हणून संपूर्ण आकृतीच्या आधी एकदाच लपवून ती पूर्ण झाल्यावर एकदाच दाखवणे योग्य ठरते.

पुढे ग्राफिक्स कार्डे बाण चित्रापासून वेगळा ठेवून, प्रतिमा पडद्याकडे पाठवतानाच तिच्यात मिसळू लागली आणि ही जबाबदारी प्रोग्रामरवरून उतरली. तरीही आरेखन शिकणाऱ्याने हा जुना प्रयोग एकदा स्वतः करून पाहावा. कारण एकाच पडद्यावर दोघे लिहीत असतील, तर एकाने काय जपले आहे हे दुसऱ्याला ठाऊक असावे लागते, हा धडा तुटलेली रेषा जितक्या स्पष्टपणे शिकवते तितका केवळ नियमाच्या पाठांतराने कळत नाही.