एका वेळी किती टेबले? पैशाच्या ऑनलाइन पोकरचा हिशेब

मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळणारी मुले आपसात एक प्रश्न हमखास विचारतात, "एका वेळी किती टेबले लावायची?" एकावर कंटाळा येतो, दोन जमतात आणि चार लावणारा हुशार समजला जातो. आरोग्याच्या पानावर हा प्रश्न कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण दारूच्या बाबतीत "किती पेग?" हा जसा आरोग्याचा प्रश्न आहे, तसाच हाही आहे. टेबलांच्या आकड्यात घरातला पैसा, झोप आणि मन ही तिन्ही अडकलेली असतात. म्हणून आम्ही हा आकडा इथे नीट उलगडून पाहत आहोत.

टेबल म्हणजे काय?

तीन पत्ती आपल्याला माहीत आहे. पोकर त्याच कुळातला खेळ. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मध्ये पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडतात आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे की पत्ते टाकून द्यायचे हे ठरवावे लागते. मोबाइलवर सहा किंवा नऊ अनोळखी माणसे एका "टेबला"वर बसतात.

समोरासमोर बसून, हाताने पत्ते पिसून खेळले तर तासाला 25 ते 30 डाव होतात. मोबाइलवर पत्ते यंत्र पिसते, त्यामुळे एका टेबलावर तासाला 60 ते 80 डाव होतात. चार टेबले लावली की तासाला सुमारे 300. म्हणजे समोरासमोर दहा तासांत जेवढे डाव झाले असते, तेवढे मोबाइलवर एका तासात उरकतात. "मी तासभरच खेळलो" असे मुलगा सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण त्या तासात दहा तास भरलेले असतात.

जास्त टेबले कोणाला परवडतात?

मुलांचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ. ती म्हणतात, "एका टेबलावर तासाला दहा रुपये सुटत असतील, तर चार टेबलांवर चाळीस नाही तरी तीस सुटतील." हे गणित चुकीचे नाही. पण ते फक्त सातत्याने जिंकणाऱ्यालाच लागू पडते. हरणाऱ्याने टेबले वाढवली तर त्याचा तोटाच तेवढ्या पटीने वाढतो.

आणि जिंकणारे थोडेच असणार, हे खेळाच्या रचनेतच आहे. जुगाराच्या अड्ड्यावर अड्डेवाला जसा प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, तसाच कंपनीही काढते. त्याला "रेक" म्हणतात. साधारणपणे मध्ये जमलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या आसपास तो असतो. टेबलावरचा पैसा एकाकडून दुसऱ्याकडे जातोच, शिवाय प्रत्येक फेरीत थोडा थोडा टेबलाबाहेर जातो.

उदाहरणादाखल आकडे मांडू. समजा एका डावात सरासरी 40 रुपये जमतात आणि कंपनी त्यातून 2 रुपये घेते. सहा खेळाडूंवर वाटले तर प्रत्येकी सुमारे 33 पैसे. हे कोणाला जाणवतही नाही. पण तासाला 75 डाव धरले तर एका टेबलाचे 25 रुपये होतात आणि चार टेबलांचे 100. रोज रात्री तीन तास, महिन्यात 25 रात्री, असे धरले तर 7,500 रुपये. हा हरल्याचा पैसा नव्हे, नुसते बसण्याचे भाडे आहे. एवढे भाडे भरून वर नफा कमवायचा, तर समोरच्या पाचही जणांपेक्षा बरेच चांगले खेळता यायला हवे.

मेंदू चार ठिकाणी बसत नाही

विचार लागणारी दोन कामे माणसाचा मेंदू एकाच क्षणी करत नाही. तो एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि प्रत्येक उडीत थोडा वेळ आणि थोडे लक्ष खर्च होते. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर टेबले बोटाने सरकवत राहावी लागतात. निर्णयाला काही सेकंदच मिळतात. अशा वेळी समोरचा कसा खेळतो, हे पाहणे सुटते आणि हात आपोआप बटण दाबू लागतो.

दुसरी गोष्ट रागाची. एका टेबलावर मोठा डाव हरला की डोके तापते. एकच टेबल असेल तर पुढचे पत्ते येईपर्यंत थोडी उसंत मिळते. चार असतील तर तो राग त्याच सेकंदाला उरलेल्या तीन टेबलांवर सांडतो.

2012 साली रँडी ल्यू या अमेरिकी व्यावसायिक खेळाडूने बहामा बेटांवर 8 तासांत 23,493 डाव खेळून गिनीज विक्रम केला. म्हणजे मिनिटाला सुमारे 49 डाव. शेवटी तोट्यात जायचे नाही, अशी अट होती. एवढ्या नामवंत खेळाडूच्या हातात अखेर किती नफा उरला? आठ डॉलरपेक्षाही कमी. दिवसभर काम करून थकलेल्या माणसाने रात्री एक वाजता चार टेबले लावली तर काय उरेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

कंटाळा हीच खूण

आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी. "आता एक टेबल फार संथ वाटते," असे वाटू लागणे म्हणजे कौशल्य वाढले असे नव्हे. काल एका पेगने चढायची, आज तीन लागतात, याला आपण व्यसन चढत चालले असे म्हणतो. इथेही तेच आहे. तेवढीच उत्तेजना मिळवायला अधिक पैसा लावावा लागणे, हे डॉक्टर जुगाराच्या आजाराचे एक लक्षण मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत या आजाराची नोंद आहे, आणि 2013 पासून अमेरिकेतील मानसोपचाराच्या मुख्य नियमावलीतही तो दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांसोबत ठेवला आहे.

घरच्यांनी पुढील खुणांकडे लक्ष द्यावे:

• हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी दुसऱ्याच दिवशी पुन्हा खेळणे.
• "आज बंद" असे ठरवूनही बंद करता न येणे.
• खेळ थांबवला की चिडचिड, बेचैनी.
• पहाटेपर्यंत जागरण, डोळे कोरडे व लाल, कामावर दांडी.
• पैशांबाबत खोटे बोलणे, बचत गटाचा हप्ता थकणे, मोबाइलवरून झटपट कर्ज घेणे.

यातली एखादी खूण दिसली म्हणून लगेच आजार ठरत नाही. पण वर्षभरात अनेक खुणा एकत्र दिसल्या तर डॉक्टरांकडे जायलाच हवे.

जुगाराने होणाऱ्या हानी भगवान बुद्धांनी सिगाल या तरुण गृहस्थाला सांगितल्या होत्या. धन जाते हे तर आहेच, पण अशा माणसाच्या शब्दाला चारचौघांत किंमत राहत नाही, हेही त्यात आहे. पैशाबाबतच्या खोट्या बोलण्याने घरात नेमके हेच घडते.

कायदा काय म्हणतो?

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींनी त्याला संमती दिली. पोकर आणि रमी दोन्ही त्यात येतात. त्यानंतर देशातील मोठ्या कंपन्यांनी पैशाचे डाव बंद केले. शिक्षेची तरतूद खेळ चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार टाळण्याचे कारण नाही.

मात्र परदेशातून चालणारी अॅप आणि मोबाइलवर फिरणाऱ्या लिंक अजून लोकांपर्यंत पोहोचतात. तिथे जिंकलेला पैसा मिळाला नाही तर दाद मागायला जागा नाही. फसवणूक झाली तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

घरात काय करावे?

• ओरडणे, मारहाण, चारचौघांत अपमान टाळा. लाजेने माणूस लपवायला शिकतो.
• सगळ्या कर्जांची यादी एकत्र बसून कागदावर लिहा. त्याच्या हातात रोख देऊ नका, देणे थेट देणेकऱ्याला द्या.
• काही महिने पगाराचे खाते आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा घरातल्या विश्वासू माणसाच्या देखरेखीखाली ठेवा. हे त्याच्या संमतीने करा.
• रात्री दहानंतर मोबाइल झोपण्याच्या जागेपासून दूर चार्जिंगला लावा. हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळा.
• टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा.
• "मी नसतो तर बरे झाले असते" असे कोणी बोलले तर ते थट्टेवारी नेऊ नका. जिवाचे काही करण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा, त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एका वेळी किती टेबले? पत्त्यांची बुद्धी आवडत असेल तर घरात बिनपैशाचे एक टेबल पुरे. त्यात समोर आपली माणसे असतात आणि डाव संपल्यावर चहा होतो. पैशाच्या टेबलांचा आमचा आकडा मात्र शून्य आहे. चारवरून शून्यावर एकट्याने येणे जड वाटत असेल, तर वर दिलेला क्रमांक त्यासाठीच आहे.