कावड खांद्यावर घेण्याआधी

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वराला पूर्णा नदीच्या पाण्याचा अभिषेक होतो. हे पाणी गांधीग्रामहून सुमारे 18 किलोमीटर कावडीतून, खांद्यावरून येतं. नंतरचे दोन-चार दिवस जुन्या शहरात किती तरी जणांची कंबर धरलेली असते. यातलं बरंच दुखणं टाळता येतं.

आधी पाठीची रचना पाहू. मानेत 7, पाठीत 12 आणि कमरेत 5 मणके असतात. बहुतेक मणक्यांच्या मधे एक लवचिक गादी असते, तिलाच डॉक्टर डिस्क म्हणतात. पाठ सरळ असली की गादीवर भार सारखा पडतो. वाकून वजन उचललं की तिची पुढची कड दाबली जाते आणि आतला मऊ भाग मागे सरकू पाहतो. नेमक्या तिथूनच पायाकडे जाणाऱ्या नसा निघतात.

तयारी श्रावण लागताच सुरू करावी. रोज अर्धा तास भरभर चालावं. कोपरं आणि पायाची बोटं टेकवून शरीर फळीसारखं सरळ धरण्याचा सराव करावा. सुरुवातीला 20 सेकंदही पुरे. वर्षभर दुकानात बसून यात्रेच्या रात्री थेट कावडीला खांदा देणं, ही सगळ्यात मोठी चूक.

मग वजनाचा हिशेब. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. समजा, कावडीला 200 भरणे, म्हणजे पाण्याची भांडी, आहेत आणि प्रत्येकात दोन लिटर पाणी आहे, तर नुसतं पाणीच 400 किलो. वीस खांदे असले तर प्रत्येकी 20 किलो, त्यात भांडी, बांबू आणि सजावट वेगळी. खांदे वाढवावेत किंवा भरणे कमी करावेत. महादेवाला त्यात काही उणं वाटणार नाही.

एका बांबूखाली सारख्या उंचीची माणसं लावावीत. नाही तर उंच माणसावर जास्त भार येतो आणि तो नकळत वाकून चालू लागतो.

आता उचलणं. बहुतेक कमरा इथेच जातात. संध्याकाळी डुलकी काढली असेल तर उठल्याबरोबर कावडीला हात घालू नये; झोपेत गाद्या पाणी शोषून फुगतात आणि वाकताना ताण जास्त येतो. आधी थोडं फिरून यावं. पाय खांद्याइतके फाकवून, गुडघ्यांत वाकून बांबूखाली जावं. खांद्यावर जाड घडीचा दुपट्टा ठेवावा. गजरातल्या ‘हर्र बोला’ला पोट आवळावं आणि ‘महादेव’ला सगळ्यांनी एकदम मांड्यांच्या जोरावर उठावं. एक जण आधी उठला की त्याची कंबर गेलीच समजा. उठताना अंग पिळू नये. बाजूला वळायचं तर पावलं टाकून वळावं.

वाटेत दुखायची वाट न पाहता दर काही मिनिटांनी खांदा बदलावा. अकोल्यात पोचल्यावर जयहिंद चौकात ताशाच्या तालावर कावड हलवायचा मोह होतो. तोवर पाठीचे स्नायू थकलेले असतात, म्हणून तिथे ताज्या दमाच्या माणसांनी खांदा द्यावा.

घरी आल्यावर कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपावं. दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळून न राहता हळूहळू चालावं.

कळ गुडघ्याखाली जात असेल तर डॉक्टरांना दाखवावं. पाऊल लुळं पडलं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मालीश करत बसू नका. त्याच क्षणी शहरातलं सर्वोपचार रुग्णालय गाठा.