परसातली कोंबडी आणि इंग्लंडचा कायदा

लंडन : इंग्लंडमध्ये राहत्या घरामागच्या बागेत चार-सहा कोंबड्या पाळण्यासाठी नगरपालिकेचा, म्हणजे तिथल्या कौन्सिलचा, परवाना सहसा लागत नाही, आणि घरमालकाने भाडेकरारात कोंबड्यांना मनाई केली असली तरी ती अट कायद्यापुढे टिकत नाही. या सवलतीचे मूळ 1950 च्या अ‍ॅलॉटमेंट कायद्याच्या 12 व्या कलमात आहे. अ‍ॅलॉटमेंट म्हणजे भाजीपाला लावण्यासाठी शहरवासीयांना अल्प भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. परंतु हे कलम अशा तुकड्यांपुरते मर्यादित नसून, जमीन कोणतीही असो, ती ज्याच्या ताब्यात आहे त्याला धंद्यासाठी नव्हे तर घरच्यापुरत्या कोंबड्या व ससे पाळण्याची आणि त्यांच्यासाठी खुराडे उभारण्याची मुभा देते.

मुक्या जिवांच्या प्रेमापोटी ही उदारता आलेली नाही. ती टंचाईतून आली आहे. दुसऱ्या महायुद्धात, जून 1941 मध्ये, ब्रिटनमध्ये अंड्यांवर नियंत्रण आले आणि माणशी आठवड्याला एक अंडे, तेही उपलब्ध असेल तर, असे प्रमाण ठरले. ज्या कुटुंबाने घरी कोंबड्या पाळून अंड्यांवरचा आपला हक्क सोडला, त्याला सरकार त्याऐवजी कोंबड्यांचे पूरक खाद्य देत असे. ते खाद्य उकडलेल्या बटाट्याच्या साली आणि ताटातले उरलेसुरले यांत कालवून कोंबड्यांपुढे ठेवायचे, अशी पद्धत होती. हे नियंत्रण 1953 च्या मार्चमध्ये उठले. म्हणजे 1950 चा कायदा झाला तेव्हा अंडे अजून शिधापत्रिकेवरच होते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची तक्रार किंवा घरमालकाची नापसंती यांपेक्षा परसातले अंडे देशाला अधिक मोलाचे वाटत होते.

मुभा मिळाली तरी ती निरंकुश नाही. कोंबड्यांमुळे आरोग्याला अपाय किंवा शेजाऱ्यांना उपद्रव होता कामा नये, अशी मेख त्याच कलमात मारून ठेवली आहे, आणि मुभा कोंबडीला आहे, कोंबड्याला नाही. इथे कौन्सिलचा खरा अधिकार सुरू होतो. 1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार दुर्गंधी, घाण, उंदरांचा सुळसुळाट किंवा पहाटेचे आरवणे हा ‘वैधानिक उपद्रव’ ठरू शकतो. तसा तो ठरला की कौन्सिलचा पर्यावरण आरोग्य अधिकारी उपद्रव थांबवण्याची नोटीस बजावतो, तिच्याविरुद्ध 21 दिवसांत दंडाधिकारी न्यायालयात अपील करता येते, आणि सबळ कारणाशिवाय ती धुडकावणे हा गुन्हा होतो. आरवणे किती वाजता, किती वेळ आणि किती वारंवार होते, आणि वस्ती गावाकडची आहे की दाट शहरातली, हे सारे त्या वेळी तपासले जाते. आपल्याकडे 2019 साली पुण्याच्या सोमवार पेठेतून अशीच एका कोंबड्याविरुद्धची तक्रार पोलीस चौकीत गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी ती गमतीची बातमी म्हणून छापली. इंग्लंडमध्ये तिची नोंद कौन्सिलच्या खात्यात गंभीरपणे झाली असती.

सर्वांत चमत्कारिक नियम मात्र स्वयंपाकघराचा आहे. युद्धकाळात सरकारनेच उत्तेजन दिलेली गोष्ट, म्हणजे घरातले उष्टे-खरकटे कोंबड्यांना घालणे, आज बेकायदा आहे. 2001 साली लाळ्या-खुरकुताची प्रचंड साथ आली आणि तिचे मूळ डुकरांना प्रक्रिया न करता घातलेल्या खरकट्यात सापडले. त्यानंतर हे निर्बंध इतके कडक झाले की वाफ्यातून थेट आणलेले कोबीचे पान कोंबडीला चालते, पण तेच पान एकदा स्वयंपाकघरातून जाऊन आले की चालत नाही. सूट आहे ती फक्त कोणताही प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य असलेल्या घरांना. त्यामुळे लंडनमधले कट्टर शाकाहारी मराठी घरसुद्धा दूध-तुपामुळे या सवलतीत बसत नाही. शिळा भात आणि तांदळाची कणी यांवर पोसलेल्या वैदर्भीय कोंबडीला हा कायदा कळायचा नाही, आणि इंग्रज गृहस्थही तो सर्वत्र काटेकोरपणे पाळत असतील असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

अधिक विचार करण्याजोगा आहे तो नोंदणीचा नियम. पूर्वी 50 किंवा अधिक पक्षी असतील तरच नोंदणी सक्तीची होती. 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक कोंबडी असली तरी ती सक्तीची झाली. पक्षी कुठे आहेत, कोणत्या जातीचे आहेत आणि किती आहेत, ही माहिती कौन्सिलकडे नव्हे तर केंद्रीय पशुआरोग्य यंत्रणेकडे द्यावी लागते. कारण अर्थातच बर्ड फ्लूचे आहे. साथ फैलावली की सरकार पक्षी कोंडून ठेवण्याचा आदेश काढते, जसा 7 नोव्हेंबर 2022 पासून इंग्लंडभर लागू झाला होता. मग जाळीची भोके 25 मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, खुराड्याच्या दाराशी जंतुनाशकाचे पसरट भांडे हवे, त्यात बूट बुडवूनच आत जावे, इतक्या बारीक सूचना दोन कोंबड्यांच्या मालकालाही लागू होतात. ज्याचा पत्ता यादीत आहे त्याला असा आदेश वेळेवर कळवता येतो.

नागपूरच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. मार्च 2024 मध्ये सेमिनरी हिल्स परिसरातल्या शासकीय अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लूचे निदान झाले आणि तिथले हजारो पक्षी नष्ट करावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात 3 वाघ आणि 1 बिबट्या याच विषाणूने दगावले. राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटरपर्यंत संसर्गक्षेत्र आणि 10 किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र धरले जाते, आणि सेमिनरी हिल्सभोवती 10 किलोमीटरचे वर्तुळ काढले तर महाल-इतवारीसह जुने नागपूर त्यात येते. त्या वस्त्यांतल्या डालग्यांखाली किती कोंबड्या झाकल्या जातात, हे अशा वेळी घरोघर फिरूनच शोधावे लागते. शहरांत जनावरे पाळण्यावर नियंत्रण ठेवणारा महाराष्ट्राचा 1976 चा कायदा मुख्यतः गाई-म्हशींच्या गोठ्यांसाठी आहे; पशुगणनेत कोंबड्या मोजल्या जातात, पण ती गणना पाच वर्षांनी होते आणि गावरान कोंबडीचा संसार पाच महिन्यांतही बदलतो. खेड्यात पशुसंवर्धन विभाग 25 तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या) आणि 3 नर असा गट अनुदानावर देतो, तेव्हा लाभार्थ्याचे नाव-गाव कागदावर येते. शहरातल्या पाळणाऱ्याचे नाव कागदावर यायला बहुधा साथच यावी लागते.

त्या कागदाचा संबंध पैशाशीही आहे. साथ रोखण्यासाठी शासनाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, पथक येण्याआधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही, आणि इंग्लंडमध्येही भरपाई ठरते ती मारण्याच्या वेळी निरोगी असलेल्या पक्ष्यांचीच. म्हणून पहिली कोंबडी मान टाकते त्या दिवशीच पशुवैद्यकाला कळवणे हे पाळणाऱ्याच्याही हिताचे असते. पण ज्याच्या कोंबड्या कुठल्याच दफ्तरात नाहीत, तो आपण होऊन सरकारी दवाखान्यात जाण्यापेक्षा उरलेल्या पक्ष्यांना रातोरात बाजाराची वाट दाखवण्याचीच शक्यता अधिक.