सातशे अकराचा क्रम

बदनापूरजवळच्या एका शिवारात तुरीच्या वीस पट्ट्या, प्रत्येकीवर पाटी. एकच वाण कुठे बांधालगत, कुठे मधोमध. हा क्रम कुणी लावला, असं विचारलं तर शेतकऱ्याने मुलाकडे बोट दाखवलं आणि मुलाने लॅपटॉपकडे. मग मी त्यांच्या ओसरीवरच बसलो.

मुलगा वेबसाइट बनवतो, पीएचपीत. वाण चार: बीडीएन-711, बीडीएन-716, बीएसएमआर-736 आणि गोदावरी. रानाचे गट पाच. प्रत्येक गटात चारही वाण एकेकदा, क्रम मात्र नव्याने काढलेला.

“सीड सातशे अकरा दिलाय,” तो म्हणाला. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचं बीडीएन-711 हे वाण त्याच्या तोंडी कायम असतं, म्हणून तोच आकडा. त्याने प्रोग्रॅम चालवला, पडदा पुसला, पुन्हा चालवला. तोच क्रम! पुन्हा सातशे अकरा, पुन्हा तोच क्रम. यात नशीब नाही, हिशोब आहे. मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी 1998 मध्ये मांडलेली ‘मर्सेन ट्विस्टर’ ही रीत सुरुवातीच्या एका आकड्यातून, म्हणजे सीडमधून, 624 आकड्यांचा साठा भरते आणि ते एकमेकांत मिसळत पुढचे आकडे काढते.

मग हा खटाटोप कशाला? उत्तर वडिलांनी दिलं. “मी वाटलं असतं, तर गोदावरी सगळी काळ्या रानात गेली असती. तिच्यावर जीव हे माझा.” हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1920च्या दशकात इंग्लंडातल्या रोदॅमस्टेडच्या शेतात याच कारणासाठी आग्रह धरून बसले होते: वाणाची जागा माणसाने निवडायची नाही. तेव्हा संगणक नव्हते. म्हणून टिपेट या संख्याशास्त्रज्ञाने 1927 मध्ये जनगणनेच्या अहवालांतून 41,600 अंक उचलून अशा कामासाठी तक्ता छापला होता.

मुलाच्या वहीत 711 शेजारी पीएचपीची आवृत्तीही लिहिलेली आहे. 7.1 आवृत्तीत पीएचपीच्या मर्सेन ट्विस्टरमधली जुनी चूक दुरुस्त झाली, त्यामुळे त्याआधीच्या पीएचपीवर त्याच सीडचे आकडे वेगळे येतात. ही नोंद मला सगळ्यात मोलाची वाटली. उद्या कुणी शंका घेतली, तर वीसही पट्ट्यांचा क्रम त्याच्यासमोर पुन्हा काढून दाखवता येईल.

ओटीपी किंवा सोडतीसाठी मात्र हे आकडे वापरू नका. सलग काही शे आकडे हाती लागले, की जाणकाराला पुढचे सगळे काढता येतात. त्या कामासाठी पीएचपीत 2015 पासून ‘रँडम इंट’ आहे.