घेवड्याची प्रथिने विषाणूला मारतात का?

रोगप्रतिकारशक्ती म्हटली की अँटिबॉडी आठवतात. त्यामुळे घेवड्याला विषाणूने गाठले की पानातही तसेच काही तयार होत असेल, असे अनेकांना वाटते. पण वनस्पतींत अँटिबॉडी नसतात, रोगाच्या जागी धावून जाणाऱ्या पेशीही नसतात. प्रत्येक पेशीला आपली लढाई स्वतःच लढावी लागते.

मग विषाणूची लागण झाल्यावर पानात जी नवी प्रथिने दिसतात, ती कशासाठी? 1970 मध्ये ती प्रथम मोझॅक विषाणूची लागण झालेल्या तंबाखूच्या पानांत आढळली, पुढे घेवड्यातही. त्यांतली दोन नीट ओळखीची आहेत, कायटिनेझ आणि ग्लुकानेझ. ती विषाणूवर तुटून पडतात हा सर्वांत पक्का गैरसमज. कायटिनेझ कायटिन तोडते, आणि कायटिन असते बुरशीच्या पेशीभित्तीत. विषाणूकडे ते नाहीच. शिवाय घेवड्याच्या पानावर मर्क्युरिक क्लोराइडचा प्रयोग केला, तरी याच गटातली प्रथिने तयार होतात. म्हणजे विषाणू ओळखून घडवलेले हे हत्यार नव्हे. पेशीवर संकट आले की ही प्रथिने तयार होतात, मग ते विषाणूचे असो वा रसायनाचे.

विषाणूचा खरा समाचार घेणारी प्रथिने लागण होण्याआधीपासूनच पेशीत हजर असतात, आणि त्यांची कामगिरी मला विलक्षण वाटते. घेवड्यावरच्या मोझॅक विषाणूचे जनुकद्रव्य आरएनए असते. त्याच्या प्रती निघताना दुपदरी आरएनए तयार होतो. डायसर नावाचे प्रथिन त्याचे बारीक तुकडे करते. आर्गोनॉट हे दुसरे प्रथिन त्यातला एक तुकडा नमुना म्हणून धरून ठेवते आणि त्याच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनए दिसला की कापते. विषाणूही ही यंत्रणा बंद पाडणारी स्वतःची प्रथिने बनवतो. म्हणूनच झाड दरवेळी जिंकत नाही.

प्रतिकारक वाण लावला की निर्धास्त, हेही पूर्ण खरे नाही. घेवड्यातले ‘आय’ जनुक विषाणू ओळखून लागण झालेल्या पेशी मारते, त्यामुळे तो पसरत नाही. मात्र विषाणूचे काही प्रकार आले, किंवा तापमान 30 अंशांच्या वर गेले, तर हीच प्रतिक्रिया शिरांमधून झाडभर पसरते. मुळे काळी पडतात, झाड मरते. ज्या प्रदेशात असे प्रकार आहेत, तिथे वाण निवडताना हे विचारायलाच हवे.

राहिली फवारणी. बुरशीनाशकाने विषाणू जात नाही. कीटकनाशकाने विषाणू पसरवणारा मावा मरतो खरा, पण बाहेरून आलेला पंखवाला मावा पानात काही सेकंद सोंड खुपसतो तेवढ्यात विषाणू देऊन मोकळा होतो. औषध त्याला मारते ते नंतर. हा विषाणू बियाण्यातूनही येतो. म्हणून निरोगी बियाणे घ्यावे, आणि रोगट रोप दिसताच ते उपटून शेताबाहेर न्यावे.