ज्याच्या त्याच्या कुवतीची वाट

मी कवितेचा माणूस. सायकल चालवली ती पिंपळगाव राजाच्या बाजारात, फार तर शेताच्या धुऱ्यापर्यंत. डोंगरातल्या सायकलवाटांवर मी बोलतो आहे, याचं अनेकांना नवल वाटेल. पण कारण घरातलंच आहे. दोन वर्षांपूर्वी माझा भाचा गावाच्या दक्षिणेला, अजिंठ्याच्या रांगेकडच्या एका टेकडीवरून गिअरची सायकल घेऊन उतरला आणि मनगट मोडून घरी आला. मी रागावलो. तो म्हणाला, "मामू, वरून वाट सोपी दिसत होती. वळणापलीकडं घळ आहे, हे कळलंच नाही."

चूक पोराची होती, की वाटेची? या प्रश्नाचा शोध घेता घेता मी या विषयात शिरलो.

डोंगरातल्या सायकलींचा हा खेळ कॅलिफोर्नियात, टॅमल्पायस डोंगराच्या परिसरात १९७० च्या दशकात वाढला. १९९६ साली अटलांटात तो ऑलिंपिकमध्ये आला. २०२३ साली आशियाई स्पर्धा आपल्या देशात, केरळातल्या पोनमुडीला झाली. खेळ वाढला तशी वाटा आखण्याची विद्याही वाढली. १९८८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेनं वाटांच्या प्रती ठरवल्या आणि त्यांना खुणा दिल्या. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि पत्त्यातल्या चौकटसारखी काळी खूण म्हणजे अवघड.

ही प्रत मोजून ठरते. हिरवी वाट साधारण ३ फूट रुंद, निळी २ फूट, काळी १ फूट. शंभर फूट अंतरात हिरवी वाट सरासरी ५ फुटांपेक्षा जास्त चढत नाही, निळी १० फुटांपेक्षा आणि काळी १५ फुटांपेक्षा. चुकवता न येणारा दगड किंवा मूळ हिरव्या वाटेवर २ इंचांपर्यंत चालतं, निळीवर ८, काळीवर १५. म्हणजे वाटेच्या तोंडाशी लावलेली खूण हा सायकलस्वाराला दिलेला शब्दच असतो. अवघड असणं हा वाटेचा दोष नव्हे. सोपी म्हणवून घेऊन अवघड निघणं, हा दोष.

मग नवशिक्यांसाठी एक टेकडी आणि पट्टीच्यांसाठी दुसरी शोधायची का? तसं नाही. एकाच टेकडीवर सगळ्यांची सोय होते. सोप्या वाटा पायथ्याशी, जिथून पोरं शिरतात तिथं ठेवायच्या आणि अवघड वाटा आत, दूरवर. अवघड वाटेच्या अगदी सुरुवातीलाच तिच्यातला एखादा खडतर टप्पा, नीट दिसेल असा ठेवायचा. ज्याला तो जमत नाही, तो तिथूनच सुखरूप मागं वळतो. मधल्या वाटेवर एखादा मोठा खडक असेल, तर मूळ वाट त्याला वळसा घालून न्यायची आणि खडकावरून जाणारी फांदी पुढं पुन्हा तिलाच मिळवायची. दोघं भाऊ आपापल्या कुवतीनं जातात आणि पुढं एकत्र होतात.

दुसरा विचार पाण्याचा, आणि तो आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. वाट सरळ उतारानं खाली सोडली, की पावसाळ्यात तिचा ओढा होतो. म्हणून नियम असा, की वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. सलग समतल चर खणताना आपण जसे उताराला आडवे जातो, तशी वाट न्यायची. तिची बाहेरची कड किंचित खाली ठेवायची आणि थोड्या थोड्या अंतरावर छोटासा उंचवटा द्यायचा, म्हणजे पाणी वाट सोडून बाजूला जातं.

गेल्या दिवाळीत भाच्याला आणि त्याच्या मित्रांना घेऊन, गवंड्याची पाण्याची नळी नि दोरी बरोबर घेऊन मी त्या टेकडीवर गेलो. ती आमच्या एका नातेवाइकाच्या पडीत जमिनीत आहे, म्हणून परवानगीचा प्रश्न नव्हता. ज्ञानगंगा अभयारण्याकडं मात्र पोरांनी परस्पर जाऊ नये. तिथं अस्वल-बिबट्यांचं घर आहे, आणि परवानगी वनखात्याची लागते. आम्ही मोजलं, तर ती गुरांची वाट शंभर फुटांत २५ फूट उतरत होती. भाच्याला पाडणारी घळ पाण्यानंच कोरलेली होती. चार पायांच्या जनावराला जे जमतं, ते दोन चाकांना कसं जमावं?

त्या दिवशी आम्ही आडवी जाणारी एक नवी ओळ चुन्यानं आखली. कुदळ अजून लागायची आहे. घरी आलो, तर धाकट्या भाचीनं विचारलं, "मामू, माझ्या शाळेच्या सायकलीला चालेल अशी वाट आहे का त्यात?" मी गप्प झालो. दिवसभर आम्ही फक्त पट्टीच्या पोरांचाच विचार केला होता.

आता पहिली कुदळ हिरव्या वाटेवर पडेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)