उद्यानाचा हजेरीपट

उद्यानातील वनस्पतींचे सर्वेक्षण म्हणजे झाडे मोजणे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु शाळेच्या पटावर पाचशे मुले आहेत, एवढे सांगितल्याने शाळा कळत नाही. कोणत्या वर्गात किती, कोण नव्याने आले, कोणाचे नाव कमी झाले, हे हजेरीपट पाहूनच समजते. उद्यानालाही असा हजेरीपट लागतो.

वडोदऱ्यात विश्वामित्रीच्या काठी महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८७९ मध्ये सयाजीबाग उभारली. आपल्या घरांतून ती अद्याप कमाटीबाग म्हणूनच ओळखली जाते. अशा जुन्या बागांमधून देशोदेशीचे वृक्ष आपल्या परिचयाचे झाले. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, गोरखचिंच आफ्रिकेची, कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. पिढ्यान्‌पिढ्या येथेच वाढलेल्या या वृक्षांना आज परके कोण म्हणेल?

विविधता म्हणजे नेमके काय, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन बागांत प्रत्येकी शंभर झाडे आहेत आणि दोहोंत दहा-दहा जाती आहेत. पहिल्या बागेत एकाच जातीची एक्क्याण्णव झाडे असून उरलेल्या नऊ जातींचे एकेकच झाड आहे. दुसरीत प्रत्येक जातीची दहा झाडे आहेत. जातींची संख्या समान, परंतु खरी समृद्धी दुसरीत. पहिल्या बागेत एका वादळात नेमकी ती नऊ झाडे पडली, तर नऊ जाती नाहीशा होतील. आणि नोंद नसेल, तर काय गमावले हेही कोणास उमगणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने वडोदऱ्याला वेढले होते. नदीकाठच्या बागेला ही भीती काल्पनिक नाही.

सर्वेक्षणाची रीत कष्टाची असली तरी अवघड नाही. बागेचे भाग पाडावेत, प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजावा, पाने, फुले, फळे आणि बहराचा महिना टिपावा. झुडपे आणि गवत यांसाठी ठरावीक मापाचे चौकोन आखून त्यांतील वनस्पती मोजतात. एकच फेरी मात्र पुरेशी नाही. तेरड्यासारख्या वनस्पती पावसाळ्यात उगवतात आणि पुढे दिसेनाशा होतात. ओळख न पटलेल्या वनस्पतीची फांदी, बागेची अनुमती घेऊन, दाबून वाळवून ठेवावी आणि जाणत्यांना दाखवावी.

खरी कसोटी नावांची. आपला बहावा गुजरातीत गरमाळो, कडुनिंब लीमडो, शमी खीजडो. एकाच झाडाची दोन नावे दोन वेळा नोंदली गेली, तर गणित चुकते. म्हणूनच लिनियसने १७५३ मध्ये रूढ केलेली दोन पदांची शास्त्रीय नावे सर्वत्र प्रमाण मानली जातात. उलट, एका नावाखाली दोन झाडेही दडतात. सरळ वाढणाऱ्या, लोंबत्या पानांच्या आसोपालवाला पुष्कळ जण अशोक म्हणतात. केशरी-तांबड्या फुलांच्या गुच्छांचा सीताअशोक निराळा. दसऱ्याला सोने म्हणून वाटली जाणारी पाने पुष्कळदा आपट्याची नसून कांचनाची असतात. दोहोंची पाने दुभंगलेलीच. पण आपट्याचे पान लहान आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक, तर कांचनाचे बरेच मोठे. आपट्याची फुले लहान, फिकट. कांचनाची मोठी आणि जांभळट.

हे काम केवळ विद्यापीठांचे नाही. जयकृष्ण इंद्रजी यांनी पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरातील वनस्पतींवर लिहिलेला गुजराती ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. डोंगर पायांखाली घालून, झाडांची लोकांच्या तोंडची नावे जपून केलेले हे काम आजही आदर्श ठरावे.

आपल्या घरातील आजी-आजोबांना झाडांची मराठी नावे ठाऊक असतात, नातवंडांना गुजराती. दोघांनी मिळून एका वहीत जवळच्या बागेतील वीस झाडे जरी वर्षभर नोंदली, तरी एक छोटा हजेरीपट तयार होईल. हजेरी घेणारा असला, म्हणजे गैरहजेरी लक्षात येते. आणि ती वेळीच लक्षात आली, तरच रिकाम्या आळ्यात त्याच जातीचे नवे रोप लावता येते.